दोन कोटेशनांबद्दल

खडकपाडा, कल्याण
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. प्रशांत यास,


गाळ्यातल्या माणसांना नीती शिकवण्याची, तू व्हॉट्सॲपवर टाकलेली दोन्ही कोटेशनं चष्मा लावून नीट वाचली. पहिलं स्वस्त. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, प्रत्येकाच्या नावाचं रंगीत प्रमाणपत्र, आणि माणसं जास्त असली तर सूट. दुसरं महाग. एक बाई येणार, आधी एक दिवस गाळ्यात फिरणार, मग अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या तीन बैठका घेणार आणि महिन्याभराने पुन्हा एकदा येऊन जाणार. त्यांची रक्कम पाहून तू डोळे पांढरे केलेली तीन तोंडं पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "आत्या, कंपनीला फक्त कागद हवाय. पहिलंच घेऊ ना?"

फोनवर बोलले तर तू "हो आत्या, बघतो" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितेय. वाचून झालं की दादालाही दे.

आधी तुझ्या गाळ्यात माल ठेवणाऱ्या कंपनीला हा कागद कशाला हवा ते बघ. तुझ्या आजोबांच्या भातखाचरावर पहिला पत्र्याचा गाळा उभा राहिला तेव्हा माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला एकच सोय हवी होती: मुंबईच्या जकात नाक्याअलीकडची जागा. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन, पुढे भिवंडी, आणि जकात मुंबईत शिरताना. म्हणून माल इथे उतरायचा आणि लागेल तसा आत जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तेव्हा गावात बरेच जण म्हणत होते की आता गोदामंही जाणार. झालं उलटंच. राज्याराज्यांत छोटी छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी मोठी घेणं कंपन्यांना परवडायला लागलं आणि आपला सगळा पट्टा भरला. त्या कंपन्या माल घेऊन आल्या तशी आपली नियमांची पुस्तकंही घेऊन आल्या. उद्या तुझ्या गाळ्यात काही भानगड झाली तर "आम्ही पुरवठादाराकडून प्रशिक्षणाचा दाखला घेतला होता" असं त्यांना म्हणता यायला हवं. कागद हवाय तो त्यांच्या बचावासाठी. त्यातून तुला काय मिळेल याचा विचार त्यांनी केलेला नाही. तो त्यांचा विषयही नाही.

दादा म्हणेल, नीती काय भाड्याने माणूस आणून शिकायची गोष्ट आहे? आपल्याला ती आईबापांनी शिकवली. खरंय. आणि तुझ्या गाळ्यातल्या हमालांनाही ती त्यांच्या आईबापांनीच शिकवलीय. चोरी वाईट, खोटं वाईट, परक्या बाईकडे वाकड्या नजरेने बघू नये, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही आणि व्हिडिओही लागत नाही. अडतं त्याच्या पुढे.

पावसाळ्यातली रात्र धर. रांजणोली नाक्यावर तीन तास अडकून ट्रक अकराला डॉकला लागतो. ताडपत्री फाटलेली, चार पेट्यांचे खालचे कोपरे ओले. मोजून घ्यायला तुझा चेकर, बावीस वर्षांचा पोरगा. ड्रायव्हर म्हणतो, "भाई, पीओडी पे ओके मार दे, नहीं तो मेरा भाडा अटकेगा." हातात शंभराची नोट कधी असते, कधी नसते. बऱ्याचदा नुसती विनवणी असते, आणि नोटेला नाही म्हणणं सोपं, विनवणीला नाही म्हणणं कठीण. पोराला हेही माहीत असतं की ओल्या पेट्या कागदावर लिहिल्या तर सकाळी सुपरवायझर विचारणार, "मग उतरवून घेतल्याच कशाला?" आणि नाही लिहिल्या तर महिनाअखेरच्या टॅलीत डॅमेज निघणार आणि ते त्याच्याच पगारातून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तो मग "ओके" मारतो आणि त्या चार पेट्या जुन्या मालाच्या मागे ढकलून देतो. कोण पाहतंय!

व्हिडिओतला कोट-टायवाला गृहस्थ या पोराला काय सांगणार? प्रामाणिक राहा. शेवटच्या प्रश्नात विचारणार, "सदोष माल आल्यास तुम्ही काय कराल?" पर्याय अ, ब, क, ड. पोरगा दहापैकी दहा मिळवेल, रंगीत प्रमाणपत्र घरी आईला दाखवेल, आणि पुढच्या पावसात पेट्या मागे ढकलेल.

कामातलं कळणारा माणूस समोर बसला की हीच गोष्ट वेगळी वळते. तो आधी विचारतो, असं झालं तेव्हा तू काय केलंस? गप्प बसला तरी तो थांबतो, घाई करत नाही. मग एकेक गोष्ट करून घेतो. पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, "४ पेट्या ओल्या, ताडपत्री फाटकी" एवढंच लिहायचं. खाली ड्रायव्हरचीही सही घ्यायची. ट्रकचा नंबर दिसेल असा फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकायचा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. पेट्या वेगळ्या रचायच्या. आणि ड्रायव्हरला काय बोलायचं ते प्रत्यक्ष बोलायला लावतो, दुसऱ्या एका पोराला ड्रायव्हर करून. पहिल्या फेरीत सगळे खिदळतात. दुसऱ्या फेरीत ड्रायव्हर झालेला पोरगा खऱ्यासारखा गयावया करायला लागतो आणि चेकरला घाम फुटतो. त्या घामासाठीच ही बैठक असते. नाही म्हणायचं वाक्य एकदा तोंडातून निघालेलं असलं की रात्री अकरा वाजता ते सापडतं.

एवढ्यावर तो थांबला तर निम्मंच काम झालं. जाणकार असेल तर तो आता तुझ्याकडे वळेल आणि विचारेल: साहेब, डॅमेजचे पैसे या मुलाच्या पगारातून का कापता?

प्रशांत, हा प्रश्न कुणीतरी तुला विचारावा म्हणूनच दुसऱ्या कोटेशनचे जादा पैसे द्यायचे. पोरगा खोटं लिहितो ते मुळात तुझ्या कपातीच्या नियमामुळे. नियम तू केलास, खोटं त्याच्या नावावर लागतं. आणि तो नियम कायद्यातही बसत नाही. एखाद्याच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालं तरच पगारातून कापता येतं आणि तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यापासून ही गोष्ट चालत आली आहे. फाटकी ताडपत्री ही चेकरची हलगर्जी कशी होईल?

गाळ्यात हे तुला सांगणार कोण? मुकादम? त्याची वाराई तुझ्या हातात. सुपरवायझर? कपात त्यानेच सुचवली असणार. अकाउंटवाला म्हणेल, शेठ, आपल्या लाइनमध्ये सगळे असंच करतात. दादाला सांगितलं तर तो म्हणेल, आमच्या वेळी तर कानाखाली वाजवायचे. ज्याचा पगार तुझ्याकडून येत नाही आणि ज्याला उद्या पुन्हा तुझ्या दारात काम मागायला यायचं नाही, असाच माणूस हे बोलू शकतो. बाहेरच्या माणसापुढे, आपल्या पाठीमागे, आपली माणसं आपल्याबद्दल काय बोलतील याची तुला धास्ती वाटते, हे मला कळतं. पण ते बोलणं आत्ताही चालूच आहे. फक्त तुझ्या कानावर येत नाही.

आता बायकांकडे येते. पॅकिंगला तुझ्याकडे पंधरा-सोळा जणी आहेत, बहुतेक कंत्राटदाराच्या. तू म्हणालास, "त्या आपल्या पटावर नाहीत, त्यामुळे समिती वगैरे आपल्याला लागू नाही." लागू आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कायम, हंगामी, रोजंदारीवरचे, थेट घेतलेले, कंत्राटदारामार्फत आलेले, सगळ्यांना कर्मचारी मानतो. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवीच, नसली तर ५० हजारांपर्यंत दंड. ऑफिसच्या दाराशी तू समितीचा कागद लावलायस तो मी गणपतीत आले तेव्हा वाचला. अध्यक्ष म्हणून सूनबाईचं नाव आहे. ती गुणी पोर आहे, पण तिथे नोकरीला नाही, आणि मालकाच्या बायकोकडे मालकाच्या सुपरवायझरची तक्रार घेऊन कोण जाईल? अध्यक्ष त्याच जागी काम करणारी वरच्या हुद्द्यावरची स्त्री असावी लागते, समितीत निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, या विषयाची जाण असलेला, असावाच लागतो. बघ, कायदा करणाऱ्यांनाही घरच्या चार जणांवर सोडून भागेल असं वाटलं नाही. आणि याच कायद्याच्या १९ व्या कलमात मालकावर आणखी एक काम टाकलंय: ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या, आणि समितीच्या सदस्यांना त्यांचं काम शिकवायचं. म्हणजे प्रशिक्षण ही कंपनीने काढलेली टूम नाही. ती तुझी जबाबदारी आधीपासूनच होती.

मी स्वतः काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणून सांगते, न शिकवलेली समिती काय करते ते. समोर बाई बसलेली असते आणि पहिला प्रश्न येतो, "तू तिथे एकटी गेलीसच कशाला?" विचारणारा दुष्ट नसतो, घरात मुलीला विचारतो तसं विचारतो. नाहीतर कुणीतरी वडीलधारं म्हणतं, जाऊ द्या, हात मिळवा, मिटवून टाका. कायद्यात समेट आहे, पण तो तक्रार करणाऱ्या बाईनेच मागितला तर, आणि पैसे घेऊन तर मुळीच नाही. हे ठाऊक नसलेल्या समितीने मिटवलेलं प्रकरण वरच्या पायरीवर टिकत नाही.

गोवा विद्यापीठाचं प्रकरण तुला माहीत असायला हवं. २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी घेतली, पण अशी घाईघाईने की सुनावणीला सुनावणी लागून, आणि ज्याच्यावर आरोप त्याला तयारीला, बाजू मांडायला पुरेसा अवधीच दिला नाही. त्याला बडतर्फ केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते उचलून धरलं. आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. बोपण्णा आणि न्या. हिमा कोहली यांच्या पीठाने, तो आदेश रद्द केला आणि चौकशी पुन्हा समितीकडे धाडली. चौदा वर्षं! समितीला मुलींना न्याय द्यायचा होता, त्यात कुणाला शंका नव्हती. चौकशी कशी चालवायची ते मात्र जमलं नाही, आणि त्याचा फटका सगळ्यात जास्त कुणाला बसला असेल? ज्यांनी तक्रार केली त्यांनाच. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या नेमल्या आहेत की नाही ते तपासायला सांगितलं आणि समितीच्या सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घ्या असंही बजावलं. विद्यापीठात शिकलेली माणसं बसली होती, प्रशांत. तुझ्या समितीत अकाउंटवाला आणि डिस्पॅचची बाई आहे. त्यांना चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवून कुणाच्या तरी अब्रूचा आणि पोटाचा निवाडा त्यांच्या हाती देणार?

चहापाण्याचं दादापुढे बोललं की तो "ते धंद्यात असतंच" म्हणतो. असतं. पण कायदा बदललाय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार. ज्याच्याकडून ती जबरदस्तीने घेतली गेली त्याने सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर त्यासाठीच आहे. आणि तुझ्या माणसाने फर्मच्या फायद्यासाठी पाकीट दिलं तर फर्मही आरोपी होऊ शकते. भागीदारी फर्म त्यात येते. तिला बचाव एकच: आमच्याकडे असं होऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था होती, हे दाखवणं.

या व्यवस्थेचं मोल कळावं म्हणून परदेशातली एक गोष्ट सांगते. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेच्या चीनमधल्या जमीन-इमारतींच्या धंद्यात गार्थ पीटरसन नावाचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याने तिथल्या सरकारी अधिकाऱ्याशी संगनमत करून गैरव्यवहार केले आणि २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला. तुरुंगात गेला. बँकेवर मात्र सरकारने खटला भरला नाही. कारण बँकेने दाखवून दिलं की या गृहस्थाला लाचविरोधी नियमांचं प्रशिक्षण ७ वेळा दिलं होतं आणि ३५ वेळा लेखी आठवण केली होती. तू म्हणशील, बघ आत्या, ७ वेळा शिकवूनही त्याने करायचं ते केलंच! केलं. ठरवून बदमाशी करणाऱ्याला कुठलाच तज्ज्ञ थांबवत नाही, तसं कुणी सांगत असेल तर तो विकायला आलाय असं समज. पण तुझा चेकर आणि तुझा सुपरवायझर पीटरसन नाहीत. ते अडचणीत सापडून चुकीचं करतात. त्यांना अडचणीतून सुटायची वाट दाखवली तर बहुतेक जण ती धरतात. आणि जो धरत नाही त्याच्या पापाचा वाटा तुझ्या पदरात पडू नये यासाठी तुझ्याकडे नोंद पाहिजे: कोणत्या दिवशी, काय शिकवलं, कुणी काय विचारलं, काय उत्तर दिलं. सह्यांच्या कागदाला ती नोंद म्हणत नाहीत.

हप्त्याच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक घोळ आहे आणि त्यात शिकलेली माणसंही गोंधळतात. माथाडी मंडळाकडे रीतसर लेव्ही भरणं वेगळं, आणि गळ्यात पट्टा घालून चार जणांनी गेटवर येऊन "इथे माल उतरवायचा तर आमचा हिशेब" म्हणणं वेगळं. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून हमालांच्या पाठीवरचं ओझं ओळखून आला. त्याचं नाव घेऊन खंडणी मागणारा खऱ्या हमालाचाही वैरी. पण गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला हा फरक कोण समजावणार? तो दोघांनाही सारखाच घाबरतो, किंवा दोघांनाही सारखंच हाकलतो. दुसरं जास्त वाईट.

आता या तज्ज्ञ मंडळींबद्दलही दोन शब्द, कारण मी त्यांची दलाल नाही. यात भोंदू पुष्कळ आहेत. हैदराबादच्या सत्यम कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षाने स्वतःच पत्र लिहून सांगितलं की वर्षानुवर्षं हिशेब फुगवले. पुरस्कार, प्रमाणपत्र, फ्रेम, कशाचाही भरवसा नाही. शिकवण्याच्या पद्धतीचंही तसंच. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ८०० हून जास्त कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली. लैंगिक छळाबद्दलच्या ज्या शिकवणीत सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून "हे करू नका, ते करू नका" अशी यादी वाचली, तिच्यानंतर वरच्या जागांवरच्या स्त्रिया उलट घटल्याचं दिसलं. समोरच्याला आधीच गुन्हेगार धरलं की तो कान बंद करतो, वर चिडतो. आणि जिथे व्यवस्थापकांना "तुमच्या देखत काही घडलं तर मध्ये कसं पडायचं" हे शिकवलं, तिथे स्त्रियांचं प्रमाण वाढलं. तेव्हा तुझ्या व्हिडिओचा तोटा फक्त पैशांचा नाही. तो असलेलं बिघडवूही शकतो.

दुसऱ्या कोटेशनच्या बाईंना मी ओळखत नाही. फोन करशील तेव्हा त्यांना विचार, गाळ्यात फिरायला दिवसा येणार की रात्रपाळीला? रात्री येते म्हणाल्या तर अर्धी परीक्षा पास. कोणत्या भाषेत बोलणार? तुझे हमाल बरेचसे यूपी-बिहारचे, पॅकिंगच्या बायका आपल्याकडच्या, ऑफिसातली पोरं इंग्रजी मिसळून बोलणारी. एकाच सुरात सगळ्यांना शिकवणारीचं तिघांपैकी कुणीच ऐकणार नाही. मग सहज म्हण, "मॅडम, बैठकीत कुणी काय बोललं ते मला नंतर सांगाल ना?" नाही म्हणाल्या तर घे. हो म्हणाल्या तर त्यांना आपलं काम कळलेलं नाही. आणि "आमच्या ट्रेनिंगनंतर तुमच्याकडे एकही तक्रार येणार नाही" असं म्हणाल्या तर फोन ठेव. चांगल्या प्रशिक्षणानंतर सुरुवातीला तक्रारी वाढू शकतात. ते आधीच मनात धरून ठेव, नाहीतर तू घाबरून सगळं बंद करशील.

तक्रारीला तू घाबरतोस हे मला माहीत आहे, आणि त्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत बसली, आठ जीव गेले. तू त्या रात्री तिथे ढिगारा उपसायला गेला होतास, दोन दिवस जेवला नव्हतास. त्या इमारतीचं काय झालं ते तपासणारे तपासतील. मी तुझ्या गाळ्याचं विचारते. तुझ्या माळ्याचा गर्डर वाकायला लागला तर पहिल्यांदा कुणाला दिसेल? झाडू मारणाऱ्या मावशीला, नाहीतर वरच्या रॅकवर चढणाऱ्या पोराला. दुसऱ्याच्या गाळ्यातून येणारे केमिकलचे ड्रम तुझ्याकडे "दोन दिवस ठेवा" म्हणून रात्री आणून टाकले तर वास पहिला कुणाला येईल? सिक्युरिटीला. त्यातलं कुणी तुझ्यापर्यंत येऊन "शेठ, हे बरोबर नाही" म्हणेल असं तुला खरंच वाटतं? ज्यांना ओल्या चार पेट्या लिहायची हिंमत होत नाही ते वाकलेला गर्डर सांगणार नाहीत. छोट्या गोष्टी सांगितल्यावर काय होतं ते पाहूनच माणूस मोठी सांगायची की नाही ते ठरवतो. तक्रार ही तुला फुकट मिळणारी खबर आहे. ज्या गाळ्यात वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही तिथे जाऊन माल ठेवायला मी तयार होणार नाही.

मला बोलाव असं म्हणू नकोस, दादा नक्की म्हणेल, "आपली मालती आहे की घरात, बाहेरचीला पैसे कशाला?" आत्या बाहेरची नसते. मी समोर बसले तर पोरं "आत्याबाई, सगळं छान आहे" म्हणतील, चहा पितील आणि घरी जातील.

दिवाळीपर्यंत मालाची गर्दी आहे, तेव्हा आत्ता हे काढू नकोस. दिवाळीनंतर डिस्पॅच सैलावला की घे. बैठकीच्या वेळेचा रोज प्रत्येकाला द्यायचा, कंत्राटदाराच्या माणसांनाही, आणि ते कंत्राटदाराच्या बिलातून परस्पर वळतं होणार नाही याकडे लक्ष ठेव. रोज बुडवून नीती शिकायला कुणी आनंदाने येणार नाही. पहिल्या बैठकीला तू स्वतः पहिल्या रांगेत बस, फोन सुपरवायझरकडे देऊन. दादा आला तर उत्तम, पण त्याला आधीच सांग की मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या बैठकीला तू बाहेर जा. गेटच्याही बाहेर जा, कल्याणला माझ्याकडे जेवायला ये, म्हणजे खिडकीतून डोकावण्याचा मोह होणार नाही. तिसरी बैठक समितीची, फक्त सदस्यांची, आणि ती व्हायच्या आत सूनबाईचं नाव काढून तिथे नोकरीला असलेल्या एखाद्या जबाबदार बाईचं घाल. डिस्पॅचची ती बाई कशी आहे? मला बोलण्यात ठाम वाटली होती.

कंपनीच्या कागदाचं म्हणशील तर दुसऱ्या बाईही दाखला देतातच, कोटेशनच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय. तू तिथपर्यंत वाचलंच नाहीस.

सर्वांना यथायोग्य. पोरांना गोड पापा.

तुझी,
मालती आत्या

ता. क. : पगारातल्या कपातीचा तो नियम बाई येण्याआधी काढणार की त्यांनी विचारल्यावर, ते मला शनिवारपर्यंत कळव. आधी काढणार असशील तर मागच्या पावसाळ्यात ज्यांचे पैसे कापलेस त्यांचा हिशेब अकाउंटवाल्याकडून काढून ठेव. दादाशी मी बोलते.